चौथीच्या वर्गात सुपरलेटिव्ह: तक्ता आधी की कान आधी?

माळावरची_शाळा

नमस्कार मंडळी.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. चौथीच्या वह्या तपासताना एका जागी लाल पेन सतत अडतं, ती जागा म्हणजे इंग्रजीतली सुपरलेटिव्हं, 'सर्वांत उंच', 'सर्वांत मोठा' असं सांगणारी विशेषणांची रूपं. विशेषणाला ई-एस-टी लावायचं, एवढंच वरवर दिसतं. पण मुलांच्या वह्यांत बिगेस्टमध्ये जी एकच असतो. हॅपिएस्टमध्ये वाय जागचा हलत नाही. नाइसेस्टला दोन ई लागतात. काही मुलं कानाला ऐकू येतं तसं शेवटी आय-एस-टी लिहितात. गुडेस्ट, बॅडेस्ट आणि 'मोस्ट टॉलेस्ट' तर दरवर्षी असतातच.

आपल्याकडे हे शिकवायची ठरलेली रीत आहे. फळ्यावर तीन रकाने आखायचे, टॉल-टॉलर-टॉलेस्ट, बिग-बिगर-बिगेस्ट, आणि पाढ्यांसारखं म्हणून घ्यायचं. मुलं धडाधड म्हणतात. त्याच मुलांपुढे तीन पेन्सिली ठेवून 'विच वन इज द लाँगेस्ट?' विचारलं की वर्ग गप्प होतो. माझं मत आता पक्कं झालं आहे: तक्ता शेवटी यावा. आधी वस्तू, मग तोंडी वाक्य, मग कान, आणि मग स्पेलिंग.

वस्तू नेहमी तीन किंवा जास्त घ्याव्या. दोनच ठेवल्या तर लाँगर पुरतं, लाँगेस्टची गरजच पडत नाही, आणि गरज पडल्याशिवाय मुलं शब्द उचलत नाहीत. माझ्या टेबलावर खडूचे तुकडे, चिंचोके, सुतळी, वापरून झालेल्या पेन्सिली असतात. मूल उठतं, वस्तू हातात घेतं आणि म्हणतं, 'धिस इज द शॉर्टेस्ट पेन्सिल.' द विसरलं तर वस्तू खाली ठेवून पुन्हा उचलायची. एवढाच नियम.

आता कानाचं. फळ्यावर थिन आणि फाइन लिहिते. दोन्हींत आय आहे. फाइनमधला आय स्वतःचं नाव सांगतो, थिनमधला सांगत नाही. नाव सांगणाऱ्याला एन एकच मिळतो, न सांगणाऱ्याला दोन. फॅट आणि लेट ही तशीच जोडी: फॅटेस्टमध्ये दोन टी, लेटेस्टमध्ये एक. सॅड आणि वाइड: सॅडेस्टमध्ये दोन डी, वाइडेस्टमध्ये एक. कारणही सांगते. एका व्यंजनापलीकडे ई येऊन बसला की तो अलीकडच्या स्वराला स्वतःचं नाव उच्चारायला लावतो. ते होऊ नये म्हणून मध्ये दुसरं व्यंजन घालायचं, कुंपणासारखं. बिगेस्ट एका जी ने लिहिलं तर वाचणारा 'बायजेस्ट' वाचेल, असं म्हटलं की मुलं स्वतःहून दुसरा जी घालतात.

तुम्ही कसं शिकवता? शिक्षक, घरी अभ्यास घेणारे पालक, परदेशातले, सगळ्यांनी लिहा. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला हा विषय मांडायचा आहे.

डोंबिवली_फास्ट

ताई, फार गरजेचा धागा. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे. शाळेतून शब्दांची यादी येते आणि शुक्रवारी डिक्टेशन. कारण कोणी सांगत नाही, यादी पाठ करायची.

तुमचं नाव सांगण्याचं तिला आजच करून दाखवलं, लगेच पटलं. पण तिने मला अडवलं. कूलमधला ओ कुठे नाव सांगतो? मग कूलेस्टला दोन एल का नाहीत? आणि फास्टचं काय?

माळावरची_शाळा

तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलं. कानासोबत डोळाही लागतो. शब्दाची शेवटची तीन अक्षरं बघायची, बाकीची बोटाने झाकायची. बिगमध्ये बी-आय-जी, म्हणजे व्यंजन, एकच स्वर, एकच व्यंजन. अशी रचना असेल तरच शेवटचं अक्षर दुहेरी. कूलमध्ये ओ-ओ-एल, स्वर दोन, म्हणून नाही. डीप, वीक, स्वीट, क्लीन सगळे याच घरातले. फास्टमध्ये शेवटी एस-टी अशी दोन व्यंजनं आहेतच, तिसऱ्याची गरज नाही. कोल्ड, थिक, शॉर्ट, रिच तसेच. टॉलला तर मुळातच दोन एल आहेत.

डब्ल्यू, एक्स आणि वाय मात्र कधीच दुहेरी होत नाहीत. न्यूएस्ट, स्लोएस्ट, ग्रेएस्ट.

शुद्धलेखन_प्रेमी

छान पद्धत. यात एक सोपं करता येईल. आपल्या मुलांना ह्रस्व-दीर्घ माहीत असतंच. 'स्वर ह्रस्व असेल तर व्यंजन दुहेरी' असं थेट सांगितलं तर?

ध्वनिवेडा

इथे थोडं थांबायला हवं. ह्रस्व-दीर्घ सांगू नका, मराठी मुलांचा हमखास गोंधळ होईल.

मराठीत शब्दाच्या शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इ-उ आपण दीर्घ म्हणतो आणि दीर्घच लिहितो. गरीब, कठीण, फूल, मूल. ती सवय इंग्रजी शब्दांनाही लागते. खेड्यातलं मूलच कशाला, पुण्या-मुंबईतली मोठी माणसंही 'बीग' आणि 'थीन' म्हणतात. त्या मुलाला तुम्ही 'आय ह्रस्व आहे का?' विचारलंत तर ते प्रामाणिकपणे 'दीर्घ आहे' म्हणेल आणि जी एकच लिहील. त्याच्या कानाची काही चूक नाही.

दुसरी अडचण ए ची. ओलं या अर्थाचा वेट आणि वजन या अर्थाचा वेट इंग्रजीत वेगळे ऐकू येतात. मराठीत हे दोन ए वेगळे नाहीतच, त्यामुळे आपण दोन्ही सारखेच म्हणतो. वेट आणि लेट आपल्या कानाला यमक जुळणारे शब्द आहेत. वेटेस्टला दोन टी आणि लेटेस्टला एक, हे ह्रस्व-दीर्घाने कसं पटवणार?

मूळ धाग्यातली नाव सांगण्याची कसोटी मात्र इथेही टिकते. लेटमध्ये अक्षर ए आहे आणि ऐकूही ए येतो. वेटमध्ये अक्षर ई आहे आणि ऐकू ए येतो, म्हणजे त्याने नाव सांगितलं नाही, म्हणून दोन टी. 'बीग' म्हणणाऱ्या मुलाचंही तसंच. अक्षराचं नाव आय, ऐकू आला ई. नाव सांगितलं नाहीच. उच्चार सुधारायला वेळ लागेल, तोवर स्पेलिंग अडून राहायला नको.

माळावरची_शाळा

ध्वनिवेडा, हे सोनं आहे. रेडेस्टला दोन डी का, हे समजावताना मला नेमकं हेच हवं होतं. परिषदेत तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवू का?

ध्वनिवेडा

जरूर वाचा.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये हे कसं शिकवतात ते लिहितो, मुलगा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. इथला राष्ट्रीय अभ्यासक्रम सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे. त्यात हा भाग दोन वर्षांत वाटलाय आणि ती वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

यीअर वनला, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांना, फक्त असे शब्द की ज्यांच्या मुळाला हात लावावा लागत नाही. फ्रेशेस्ट, क्विकेस्ट, ग्रँडेस्ट. ई-एस-टी नुसतं चिकटवायचं. वर्षभर एवढंच. यीअर टूला तीन बदल येतात: शेवटी ई असेल तर तो काढायचा, व्यंजनानंतर वाय असेल तर त्याचा आय करायचा, आणि एकच स्वर-एकच व्यंजन असेल तर दुहेरी करायचं. हेच नियम ई-आर, ई-डी आणि आय-एन-जी लाही लागतात, म्हणून सगळे सोबतच शिकवतात. हॉटेस्टचे दोन टी आणि स्टॉपिंगचे दोन पी एकाच कारणाने येतात, हे मुलाला सातव्या वर्षी कळलं.

आपल्याकडे एकाच तासात टॉलेस्ट, बिगेस्ट, नाइसेस्ट, हॅपिएस्ट आणि बेस्ट फळ्यावर येतात. ज्यांची ती मातृभाषा आहे त्या मुलांनाही इतकं एकदम देत नाहीत.

निवृत्त_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी पाचवीपासून इंग्रजी सुरू होत असे त्या काळातला शिक्षक. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा माझी निम्मी नोकरी झाली होती. दोन्ही पद्धती मी वर्गात राबवल्या आहेत, म्हणून तक्त्याची बाजू मांडतो.

तक्ता वाईट नाही. पाचवीतलं मूल दहा वर्षांचं असे, त्याचं मराठी व्याकरण सुरू झालेलं असे, विशेषण म्हणजे काय ते त्याला ठाऊक असे. त्याला तीन रकाने दिले की ते त्यात नवे शब्द स्वतः भरत असे. तोच तक्ता सात-आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवला तर ते फक्त सूर पकडतं. दोष वयाचा आहे, तक्त्याचा नव्हे.

आणि काही शब्दांना पाठांतराशिवाय दुसरा मार्गच नाही. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, लिटल-लेस-लीस्ट, मच-मोर-मोस्ट, फार-फार्दर-फार्देस्ट. इथे कान काय करणार? हे पाच संच सुरात म्हणून घ्या, रोज परिपाठानंतर म्हणून घ्या. दोन आठवड्यांत गुडेस्ट ऐकू येणार नाही.

माळावरची_शाळा

गुरुजी, या पाच संचांबाबत पूर्ण सहमत. ते म्हणूनच घ्यायला हवेत. माझा विरोध बिग-बिगर-बिगेस्टच्या पाठांतराला आहे, कारण त्यात स्पेलिंगचा बदल सुरात वाहून जातो. म्हणताना दोन जी आहेत की एक ते कळतच नाही, आणि लिहायची वेळ आली की मूल एकटं पडतं.

वयाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण चौथीनंतर ही मुलं दुसऱ्या शाळेत जातात आणि तिथे 'हे झालेलं असेल' असं धरून पुढे शिकवतात. शिष्यवृत्तीच्या सरावातही हेच प्रश्न असतात. त्यांना तसंच पाठवायचं माझ्या जिवावर येतं.

सावली_उन्हाळी

मी समुपदेशक आहे. एक विनंती सगळ्याच शिक्षकांना. सुपरलेटिव्ह शिकवताना मुलांना उभं करून तुलना करू नका. 'हू इज द टॉलेस्ट बॉय?' इथून सुरुवात होते आणि शॉर्टेस्ट, फॅटेस्ट, थिनेस्ट, कधी डार्केस्टपर्यंत गाडी जाते. वर्ग हसतो, त्या मुलाच्या नावाला तो शब्द चिकटतो आणि चौथीत चिकटलेला शब्द दहावीपर्यंत राहतो. माझ्यासमोर बसून रडलेली मोठी मुलं मी पाहिली आहेत. तो शब्द इंग्रजीच्या तासाला मिळाला होता, हे त्यांना अजून आठवतं.

सर्वांत हुशार, सर्वांत ढ हेही तसंच.

माळावरची_शाळा

शंभर टक्के. म्हणूनच पेन्सिली आणि चिंचोके. माणसं घ्यायचीच असतील तर स्वतःच्याच गोष्टींची तुलना: माय हॅपिएस्ट डे, माय ओल्डेस्ट टॉय. एका मुलीने 'माय नाइसेस्ट फ्रॉक इज माय सिस्टर्स फ्रॉक' लिहिलं होतं. स्पेलिंग अचूक होतं.

भूगोलाची_आवड

वस्तूंच्या पुढे जायचं असेल तर भूगोल घ्या. खोटी वाक्यं बनवायला लागत नाहीत.

कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८. तीन शिखरं, तीन आकडे, हायेस्ट कोणतं ते मुलं स्वतः काढतात. क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य गोवा, ३७०२ चौरस किलोमीटर. सर्वांत मोठं राजस्थान. वेटेस्टसाठी मेघालयातलं मॉसिनराम.

पण माझी आवडती जागा सूर्यमाला. स्पेलिंगचे सगळे नियम तिथे एकत्र भेटतात. बुध स्मॉलेस्ट आणि निअरेस्ट, नुसतं ई-एस-टी. गुरू लार्जेस्ट, म्हणजे ई एकच. आणि बिगेस्ट, म्हणजे जी दोन. शुक्र हॉटेस्ट, टी दोन. नेपच्यून फार्देस्ट, तो पाठांतरातला. शिवाय सर्व ग्रहांत जोरदार वारे नेपच्यूनवरच, म्हणून विंडिएस्ट, वायचा आय.

हॉटेस्टला वर्गात वाद होतो. मुलं म्हणतात, सूर्याजवळ बुध, मग हॉटेस्ट तोच. शुक्रावरच्या दाट कार्बन डायऑक्साइडमुळे उष्णता कोंडली जाते आणि तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस राहतं, हे सांगितलं की निअरेस्ट आणि हॉटेस्ट हे दोन शब्द कायमचे वेगळे होतात. विज्ञानाचा तासही त्यातच होतो.

डोंबिवली_फास्ट

सूर्यमाला अप्रतिम! रविवारी तक्ता बनवतोय आम्ही दोघी.

आणखी एक शंका. मुलगी 'टॉलेस्ट फ्रॉम ऑल' म्हणते. मीही लहानपणी तसंच म्हणायचे बहुतेक.

ध्वनिवेडा

आपण 'सगळ्यांतून उंच' किंवा 'सगळ्यांमध्ये उंच' म्हणतो, त्यातून तो फ्रॉम येतो. मुलांना एवढंच द्या: जागा किंवा गट असेल तर इन, मोजलेल्या किंवा दाखवलेल्या वस्तू असतील तर ऑफ. द टॉलेस्ट इन द क्लास, द टॉलेस्ट ऑफ द थ्री, द टॉलेस्ट ऑफ ऑल. फ्रॉमला इथे जागाच नाही. नियम नाही लक्षात राहिला तरी हे तीन तुकडे तोंडात बसवा.

संस्कृत_सारिका

शिक्षकांसाठी एक जोड, मुलांना सांगायची घाई नको. इंग्रजीतला हा ई-एस-टी आणि संस्कृतातला 'इष्ठ' एकाच मूळ भाषेतून आले आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ. आपण स्वादिष्ट म्हणतो तो मूळचा स्वादिष्ठ, आणि इंग्रजी स्वीटेस्ट त्याचं अगदी सख्खं भावंड. सातवी-आठवीत, संस्कृत सुरू झाल्यावर, हे सांगून बघा. मुलांचे डोळे मोठे होतात.

शुद्धलेखन_प्रेमी

सुंदर माहिती.

आता मोस्टचं कोणी सांगेल का? ई-एस-टी कुठे आणि मोस्ट कुठे? पाठ्यपुस्तकात 'लांब शब्दांना मोस्ट' असतं, पण लांब म्हणजे किती? स्ट्राँग लिहायला लांबच आहे की.

लेस्टरकर

टाळ्या मोजायच्या. स्ट्राँग एक टाळी. ब्यू-टि-फुल तीन टाळ्या. एक टाळी असेल तर ई-एस-टी, तीन किंवा जास्त असतील तर मोस्ट. दोन टाळ्यांचे शब्द मधले. त्यातले वायने संपणारे ई-एस-टी घेतात, हॅपी, इझी, हेवी, बिझी. सिम्पल, जेंटल, नॅरो, क्लेव्हर हेही घेतात. युसफुल, फेमस, केअरफुल यांना मोस्ट.

माळावरची_शाळा

टाळीत एक अडचण येते ती सांगते. आपली मुलं अक्षरं मोजतात. बिग म्हणजे बि आणि ग, दोन टाळ्या! त्यावर उपाय म्हणजे हनुवटी. तळहात आडवा धरून हनुवटीखाली लावायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितक्या टाळ्या. बिगला एकदा, हॅपीला दोनदा, इंटरेस्टिंगला तीनदा किंवा चारदा, कसं म्हणतो त्यावर. मोस्ट तर नक्कीच. सगळा वर्ग हनुवटीखाली हात धरून बसला की मागच्या बाकावरचेही सामील होतात.

आणि 'मोस्ट टॉलेस्ट' यानेच कमी झालं. ई-एस-टी लावला की मोस्टला सुट्टी, दोघं एका शब्दाला कामाला येत नाहीत, असं आम्ही ठरवलंय.

निवृत्त_गुरुजी

हनुवटीची युक्ती मला नवीन आहे. नातवावर करून पाहिली. उत्तम.

लेस्टरकरांच्या वाटणीबद्दल सुचवतो. चौथीत एकाच वर्षात सगळं आणायचं झालं तरी आठवडे वेगळे करा. पहिले काही आठवडे फक्त न बदलणारे शब्द. त्यानंतर ई वाले, ते सोपे. मग वाय वाले. दुहेरी व्यंजन सर्वांत शेवटी, कारण तिथेच विचार करावा लागतो. आणि प्रत्येक टप्प्यावर आधीचे शब्द डिक्टेशनमध्ये मिसळत राहा. नुसते दुहेरीचे दहा शब्द घातले तर मुलं सगळंच दुहेरी करतात, मग स्वीटेस्टलाही दोन टी येतात.

माळावरची_शाळा

गुरुजी, हाच क्रम घेते. डिक्टेशनमध्ये मी आणखी एक करते. आधी मूळ शब्द लिहायचा, त्याच्या शेवटच्या तीन अक्षरांखाली रेघ, आणि मगच पुढे ई-एस-टी. रेघ असली की मुलाने विचार कुठे केला आणि कुठे चुकला, ते वहीत दिसतं. नुसती फुली मारून त्याला काहीच कळत नाही.

डोंबिवली_फास्ट

लेकीचा शेवटचा प्रश्न, मग आम्ही तक्त्याला लागतो. ड्रायचं ड्रायेस्ट लिहिताना वायचा आय करायचा, मग शायचं काय? शब्दकोशात वाय तसाच दिसतोय.

ध्वनिवेडा

ड्राय नियमाप्रमाणे चालतो, डी-आर-आय-ई-एस-टी. शायला दोन्ही चालतात, पण वाय ठेवून लिहिण्याची पद्धत जास्त रूढ आहे. स्लायलाही वायच ठेवतात. असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहून ठेवायला सांगा.

माळावरची_शाळा

आमच्याकडे त्या मागच्या पानाला 'हट्टी शब्द' म्हणतात. शाय आजपासून तिथे.

परिषदेसाठी गुरुजींचा क्रम, भूगोल-सूर्यमालेची वाक्यं आणि सावलीताईंची विनंती एका पानावर लिहून काढते आणि इथेच टाकते. कोणाला आपल्या शाळेत वापरायचं असेल तर खुशाल घ्या. दुहेरी व्यंजनाचे आणखी सोपे शब्द सुचत असतील तर लिहा. बिग, हॉट, थिन, फॅट, सॅड, वेट, रेड, फ्लॅट, स्लिम, फिट इतके झाले आहेत.

लेस्टरकर

डिम आणि टॅन घ्या. मॅडही घेता येईल, पण वर्गात नको.